हजार नारळ आणि एक बेडरूम

कोकणातल्या घरात माणसांनी झोपायचं कुठे, हा प्रश्न वर्षातून दोनदा पेटतो. एकदा गणपतीत आणि एकदा मे महिन्यात. मुंबईहून, पुण्याहून, बडोद्याहून बिऱ्हाडं येऊन थडकतात. ओटीवर पुरुष, माजघरात बायका, पडवीत पोरं, आणि देवघराच्या उंबऱ्याशी कोणाचे तरी जावई. या जावईबापूंना पहाटे पूजेआधी उठवायचं कोणी, हा आणखी वेगळा प्रश्न. अशाच एका रात्री डासांनी झोप उडवलेला एखादा चाकरमानी उताणा पडून वर बघतो. वर कडीपाट, त्याच्यावर माळा. आणि त्याच्या तोंडून ते वाक्य निघतं, ज्याने आजवर कोकणातल्या कित्येक कुटुंबांच्या मुदतठेवी मोडल्या आहेत.

"एवढा मोठा माळा नुसता मोकळा पडलाय."

माळा कधीही मोकळा नसतो. घरातल्या म्हाताऱ्या काकूंना हे पक्कं ठाऊक असतं, पण त्या काही बोलत नाहीत, फक्त कूस बदलतात. माळ्यावर आंब्याची आढी लावायचा पेंढा असतो. नारळांची रास असते, सुपारीचं पोतं असतं, तीन गणपतींपूर्वीचं मखर असतं. कल्हई करून आणायचं म्हणून वर गेलेलं आणि कल्हईवाला दिसेनासा झाल्यावर वरच राहिलेलं तपेलं असतं. शिवाय मागच्या शाकारणीतून उरलेली दोनेकशे मंगलोरी कौलं. एक कौल सव्वादोन-अडीच किलोचं धरलं, तर साडेचारशे-पाचशे किलोचा हा ऐवज एका कोपऱ्यात बसून असतो. हजार सोललेले नारळ म्हणजे अर्ध्या टनाच्या पुढचा मामला. माळ्याची सारी हयात याच मंडळींना पेलण्यात गेलेली असते. नारळ रात्री पाणी प्यायला उठत नाहीत, कौलं नाचत नाहीत, आणि तपेल्याला अटॅच बाथरूम लागत नाही.

बांधणाऱ्याने माळा बांधला तोही याच हिशोबाने. जांभ्याच्या भिंतींवर तुळया, तुळयांवर हात-दीड हाताच्या अंतराने कड्या, कड्यांवर पाट, पाटांवर चार इंच माती आणि त्यावर शेणाचं सारवण. माती घालण्यात शहाणपण होतं. वरून ऊन झिरपत नाही, आग लागलीच तर खाली उतरायला वेळ घेते, आणि उंदराला फळी कुरतडण्याआधी माती उकरावी लागते. फक्त या मातीला वजन असतं. दाबून बसलेली सुकी माती घनमीटरला दीड टनाच्या वर भरते. म्हणजे चार इंचांचा थर चौरस मीटरला दीडशे किलोच्या पुढे गेला. वर कोणी पाऊल टाकायच्या आधीच प्रत्येक चौरस मीटरवर दोन धडधाकट पाहुणे कायमचे मुक्कामाला असतात.

आता रत्नागिरीच्या बाजूचं असं एखादं घर नजरेसमोर आणा आणि त्या घरातली पहिली बैठक ऐका.

"वहिनी, टाइल्स कुठल्या घालायच्या?"

"फिकट घाला. आणि बाथरूम वरच हवं हं भावजी. रात्रीचं कोण उतरणार त्या जिन्याने?"

"एसी लागेल. कौलं तापतात."

"एका भिंतीला ते दगडासारखं दिसणारं पॅनेल लावू."

"पण खालच्या कड्या पेलतील का हे सगळं?" हा प्रश्न कोणीतरी विचारतं. बहुतेक वेळा ज्याला पैसे द्यायचे नसतात तोच विचारतो, म्हणून त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. थोरले काका तर दुखावतात. "शंभर वर्षं उभं आहे घर! आजोबांच्या काळचं अस्सल सागवान आहे ते!"

कोकणात प्रत्येक घरातलं प्रत्येक लाकूड आजोबांच्या काळचं अस्सल सागवान असतं. मिस्त्री येऊन पटाशीने टवका काढतो तेव्हा खरी वंशावळ बाहेर येते. निम्म्या कड्या फणसाच्या निघतात, दोन-तीन आइनाच्या, चार खरोखरच सागाच्या. एखादी चक्क आंब्याची निघते, आणि ती कोणी, कधी आणि किती पैसे वाचवून बसवली यावरून दोन घरांतला अबोला पुन्हा ताजा होतो. फणसात किंवा आइनात तसं वाईट काही नाही. कोकणातली घरंच्या घरं त्यांवर उभी आहेत. आंब्याच्या लाकडाला मात्र वाळवी आणि भुंगा यांच्याकडून कायमचं आमंत्रण असतं.

त्यानंतर येते चाचणी. माळ्याची ताकद तपासण्याची अखिल भारतीय पद्धत म्हणजे वर जाऊन उड्या मारणे. घरातला सर्वांत वजनदार पुरुष आपण होऊन पुढे होतो. वर धप्प आवाज होतो. खाली पंगत बसलेली असेल तर सोलकढीत शंभर वर्षांची धूळ उतरते.

"हललं का?" वरून आवाज येतो.

"कपाटातल्या काचा वाजल्या!" खालून.

"पण मोडलं नाही ना?"

इथे सगळ्या कुटुंबाची एकच गल्लत होते. न मोडणं वेगळं आणि न हलणं वेगळं. एखादी कडी आणखी पन्नास वर्षं मोडणार नाही, पण वर माणूस चालला की अशी लवलवेल की खाली टीव्ही बघणाऱ्याला बातम्या हलताना दिसतील. बहुतेक जुने माळे मोडण्याच्या बाबतीत पास आणि हलण्याच्या बाबतीत नापास असतात. नारळांना याचा कधीच त्रास नव्हता.

मग भाचा येतो. तो सिव्हिल इंजिनिअर असतो आणि लग्नकार्यात त्याला मांडव नीट बांधलाय का एवढंच विचारलं जातं, त्यामुळे संधी मिळताच तो सुटतो. भारतीय मानक संस्थेचं आयएस ८७५ नावाचं मानक आहे. त्याचा दुसरा भाग, १९८७ सालचा, सांगतो की राहत्या खोलीच्या जमिनीने तिच्या स्वतःच्या वजनाव्यतिरिक्त चौरस मीटरला २०० किलो भार पेलला पाहिजे. इथवर सगळे मान डोलावतात. त्याच मानकाप्रमाणे पक्क्या खुर्च्या नसलेल्या सभेच्या जागेला मात्र ५०० किलो लागतात.

"म्हणजे?"

"म्हणजे वर झोपायला हरकत नाही मामी, पण तिथे सत्यनारायण घालायचा नाही."

"असं कसं? वास्तुशांत तर करावीच लागेल!"

आणि ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या दालनाला ६०० किलो. हा आकडा ऐकून घरातला साहित्यप्रेमी गप्प होतो, कारण माळ्याच्या खोलीवर त्याचा डोळा वेगळ्याच कारणासाठी असतो. बांधीव दिवाळी अंकांचे चाळीस वर्षांचे गठ्ठे त्याला वर न्यायचे असतात. फूटभर रांगेतली पुस्तकं दहा किलोच्या आसपास भरतात. पाच कप्प्यांचं तीन फुटी कपाट दीडशे किलोंवर जातं, आणि साहित्यप्रेमी माणसाकडे कपाट एकच कधीच नसतं. प्रस्तुत लेखकही याच जमातीतला असल्याने या मुद्द्यावर तो अधिक बोलू इच्छित नाही.

भाच्याच्या पोतडीत आणखी एक चीज असते. राष्ट्रीय इमारत संहितेने माळ्याची व्याख्याच करून ठेवली आहे. सामान ठेवण्यासाठी केलेला मधला मजला, उंची जास्तीत जास्त दीड मीटर. म्हणजे ज्यात माणसाला सरळ उभं राहता येतं, तो संहितेच्या दृष्टीने माळाच नव्हे. राहती खोली म्हणायची तर २.७५ मीटर उंची हवी आणि छप्पर उतरतं असेल तर सरासरी तेवढी भरली पाहिजे. या सरासरी शब्दावर घरात पुढचे दोन दिवस जातात.

"उंची किती आहे रे?"

"अकरा फूट!"

"कुठे मोजलीस?"

"आढ्याखाली."

"आणि कडेला?"

"कडेला पलंग ठेवू ना. झोपून तर राहायचंय."

शेवटी मिस्त्री येतात. मिस्त्री कमी बोलतात. वर बघतात, पेन्सिल कानामागे ठेवतात आणि म्हणतात, "उंची वाढवायला लागेल." मालकांना वाटतं, खोलीची. मिस्त्री सांगत असतात कडीची.

लाकडाचा हा गुण समजायला सोपा आणि पटायला भलताच अवघड आहे. तीन इंच रुंद, पाच इंच उंच अशा कडीची रुंदी इंचाने वाढवली तर तिचा कणखरपणा एक तृतीयांशाने वाढतो. तोच इंच उंचीत घातला तर सत्तर टक्क्यांहून अधिक वाढतो, कारण लवण्याच्या हिशोबात उंचीचा घन धरावा लागतो. तीन बाय सहाची कडी उभी बसवली तर ती आडवी बसवलेल्या त्याच कडीपेक्षा चौपट ताठ असते. गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात, भिंतीतून पुढे आलेल्या तुळईचं चित्र काढून, आडव्यापेक्षा उभं लाकूड का जास्त पेलतं ते समजावलं होतं. कोकणातल्या सुताराने गॅलिलिओ वाचलेला नसतो, तरी तो कडी उभीच बसवतो. वाचलेल्यांचं काय होतं, ते मुंबईहून फोनवर देखरेख करणाऱ्या धाकट्या भावजींकडे बघून कळतं.

"मिस्त्री, कड्या आडव्या टाका हो. तीन इंच हेडरूम वाचते."

मिस्त्री पेन्सिल कानामागून काढतात आणि पुन्हा कानामागे ठेवतात. हा नकार असतो.

उंची वाढवायची नसेल तर दुसरा मार्ग म्हणजे जोडकडी. जुन्या कडीला चिकटून तेवढ्याच उंचीची नवी कडी, दोन्ही टोकं भिंतीवर नीट टेकलेली, आरपार बोल्ट मारून आवळलेली. जुनी सुनेला सांभाळत नाही आणि नवी सासूला सोडत नाही, पण भार दोघी मिळून उचलतात. यात चलाखी करायची ठरवली की नवी कडी भिंतीपर्यंत जात नाही, मध्येच दोन हात तोकडी पडते. तशी ती बघायला भक्कम दिसते, बिलातही पूर्ण दिसते, पण टोकाशी टेकलेली नसल्याने आपला भार जुन्या कडीच्याच गळ्यात टाकून मोकळी होते.

तिसरा मार्ग गर्डरचा. कड्यांच्या बरोबर मध्यावर खालून आडवा लोखंडी गर्डर घातला की कडीचं अंतर निम्मं होतं आणि सारख्या पसरलेल्या भाराखाली तिचं लवणं आधीच्या सोळाव्या भागावर येतं. कागदावर याच्याइतका स्वस्त आणि रास्त उपाय दुसरा नाही. माजघरात मात्र तो गर्डर साधारण कपाळाच्या पातळीवर येतो. प्रस्तुत लेखकाचा या विषयातला अधिकार याच पातळीवरून आलेला आहे.

कामाला सुरुवात करण्याआधी माळा रिकामा करायचा असतो. सगळे पुरुष धोतर-लुंग्या खोचून वर जातात. तासाभराने खाली काय आलं बघावं तर एक सुपडं आणि एक तुटका कंदील.

"बाकीचं?"

"बाकीचं पलीकडच्या खणात सरकवून ठेवलंय. नंतर बघू."

म्हणजे ज्या कड्यांची चिंता म्हणून एवढा खटाटोप, त्यांतल्याच चार कड्यांवर आता सगळ्या माळ्याचा संसार एकवटतो. मिस्त्री ते बघतात आणि जेवायला जातात. ते परत येण्याच्या आत पोरांनी सगळं उतरवलं नाही, तर ते उद्या येतात, आणि मिस्त्रींचा उद्या कोणत्या महिन्यात उगवेल हे कोणालाच सांगता येत नाही.

माती काढली की खरी हकिकत उघडी पडते. कड्या मधोमध बहुतेक ठणठणीत असतात. बिघडलेली असतात ती टोकं. जांभा सच्छिद्र, पावसाळ्यात भिंत ओल धरते आणि भिंतीत घुसलेलं कडीचं टोक वर्षानुवर्षं त्या ओलीत बसलेलं असतं. बाहेरून रंगवलेलं, टोचा मारला की बोट आत. तीनचार कड्यांच्या बाबतीत तर माळा कशावर उभा होता याचं उत्तर सवय एवढंच देता येतं.

दुसरा शोध वायरमनचा लागतो. माजघरात पंखा बसवला त्या वर्षी त्याला वायर पलीकडे न्यायची होती. कडी आड येत होती. त्याने कडीच्या खालच्या अंगाला, बरोबर मधोमध, दोन बोटं खोल खाच पाडली. कडी लवते तेव्हा खालच्या कडेला ताण बसतो आणि तो मध्यावर सगळ्यात जास्त असतो. सबंध कडीत खाच पाडायला याहून वाईट जागा शोधून सापडली नसती. त्याने ती पहिल्याच फटक्यात शोधली. वर, त्याच खाचेशेजारी पंख्याचा हूक ठोकला.

मग गर्डर येतो. चौदा फुटी. टेम्पोवाला तो अंगणात टाकून पसार होतो. घराचं दार चार फुटी, आत वळण, पुढे माजघराचं दार, पुन्हा वळण. सहा माणसं गर्डर खांद्यावर घेऊन निरनिराळ्या कोनांत आत शिरायचा प्रयत्न करतात आणि प्रत्येकजण दुसऱ्याला "डावीकडे" असं ओरडतो. तोंडं एकमेकांकडे असल्यामुळे डावीकडेही दोन असतात. एक कोनाडा, एक कॅलेंडर आणि आजोबांच्या तसबिरीची काच यांचा बळी गेल्यावर ठरतं की गर्डर वरून घ्यायचा. चार ओळी कौलं उतरवतात, दोन वासे सोडवतात, दोरांनी गर्डर आत जातो. टाळ्या. त्याच संध्याकाळी वळीव कोसळतो.

कौलं पुन्हा चढवताना एक-दोन डझन फुटतातच. काळजी नसते, शाकारणीची दोनशे आहेत. ती आणून लावायला जावं तर खाचा बसत नाहीत. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर कारखाने झाले, प्रत्येकाचा साचा थोडा वेगळा, आणि एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या कौलात चपखल बसेलच असं नाही. म्हणजे इतकी वर्षं माळ्याने साडेचारशे किलो वजन उराशी धरलं होतं ते या घराला न बसणाऱ्या कौलांचं.

"मग आणली कशाला होती?"

"स्वस्त मिळाली होती."

एवढं होऊनही जोडकड्या बसतात, बोल्ट आवळले जातात आणि झोळ काढायची वेळ येते. जॅक लावून मधोमध थोडं थोडं उचलायचं, एका दिवसात थोडंच, मग थांबायचं. घाई केली तर भिंतीचा गिलावा तडकतो. मिस्त्री धीराने घेतात. आठवड्याभरात कडीपाट सरळ होतो, सगळे कौतुकाने वर बघतात, आणि माजघराचं दार बंद होईनासं होतं.

दाराचा दोष नसतो. जसजसा वरचा झोळ वाढला, तसतशी चौकट दबली आणि दर पावसाळ्यानंतर कोणी ना कोणी दाराला वरून रंधा मारत आलं. तीन पिढ्यांनी घासून घासून ते दार त्या घराच्या वाकडेपणाला बरोबर जुळवून घेतलं होतं. घर सरळ झालं आणि दार एका कोपऱ्यात दोन बोटं उघडं राहिलं. त्या फटीतून मांजर ये-जा करायला लागलं, म्हणून दाराला वरून पट्टी ठोकली. पट्टी आंब्याच्या लाकडाची.

खोली तयार होते. खरंच भक्कम होते; वजनदार काका पुन्हा उडी मारतात आणि एकही काच वाजत नाही. मातीऐवजी प्लाय बसवल्यामुळे माळा हलकाही झालेला असतो. फक्त माती आवाज गिळायची आणि प्लाय गिळत नाही, हे पहिल्या रात्री कळतं. वरच्या दांपत्याचं कुजबुजत चाललेलं बोलणं खाली ओटीपर्यंत शब्दशः पोचतं. त्यात काकूंच्या स्वयंपाकाबद्दल काही मतं असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा वर जात नाही.

आणि बाथरूम? ते झालं नाही. वाळू-सिमेंटचा थर, टाइल्स आणि वर ५०० लिटरची टाकी, म्हणजे नुसतं पाणीच अर्धा टन, हा हिशोब भाच्याने मांडला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "राहू दे बाई, उतरू रात्रीच्या."

ज्या वाचकांच्या घरी असा माळा आहे आणि ज्यांच्या डोक्यात खोली घुसली आहे, त्यांनी टाइल्सच्या दुकानात जाण्याआधी एवढं करावं. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, कडीच्या खालच्या कडेला धरून दोरी ताणावी आणि मधोमध कडी दोरीच्या किती खाली उतरली आहे ते मोजावं. बारा फुटी कडीला दहा ते पंधरा मिलिमीटर चालतात. त्याहून जास्त असेल तर आधी इंजिनिअर, मग मिस्त्री. कड्यांची टोकं भिंतीजवळ टोचा मारून बघावीत. काम दिवाळी झाल्यावर सुरू करावं म्हणजे वळवाच्या आत कौलं चढतात. आणि मधला पंधरवडा हिशोबात धरू नये. शिमग्यात मिस्त्री पालखीबरोबर असतात, फोन उचलत नाहीत.